हिमचंप्याचं मूळ

आईची कापडी पिशवी फाटकाशी ठेवलेली होती. चेन ओढलेली, वर छत्री आडवी. दोन दिवसांच्या मुक्कामाला कुणी छत्री नेत नाही. डॉक्टरीण गाडीतून उतरली आणि झाडाकडे बघायच्या आधी तिनं त्या पिशवीकडे बघितलं. झाड मरायला वेळ घेतं. घर मोडायला तेवढा लागत नाही.

माणसांची डॉक्टरीण नव्हे ती. वनस्पती उद्यानात जुन्या झाडांची प्रकृती बघायचं काम तिच्याकडे होतं: कुठली फांदी ठेवायची, कुठली उतरवायची, कुणाला टेकू द्यायचा आणि कुणाला निरोप. धाकट्या भावानं टिंगल म्हणून हे नाव पाडलं आणि ते चिकटलं. कौतुकानं ठेवलेली नावं घरात टिकत नाहीत, टिंगलीतली मात्र नातवंडांपर्यंत पोचतात.

नर्सरीच्या अंगणात सगळे आधीच जमले होते, पण एकाच फोटोत यायचंय आणि शेजारी कुणाच्याच उभं राहायचं नाही, अशा अंतरानं. दादा, म्हणजे थोरला, शोभेच्या पानांच्या शेडपाशी पाइप धरून सकाळीच भिजवलेल्या कुंड्या पुन्हा भिजवत होता. वहिनी कुंड्या बदलायच्या टेबलाशी होती, हात कोपरापर्यंत मातीत. धाकटा गाडीची किल्ली बोटावर फिरवत होता. त्याची बायको गाडीतच बसलेली, काच अर्धी खाली. म्हणजे भांडणात आपण नाही, पण शब्द तर एकही निसटायला नको. आणि आई वेताच्या खुर्चीत, तोंड झाडाकडे, पाठ दादाच्या दाराकडे.

मधोमध हिमचंपा. अर्ध्या अंगानं हिरवा, पानं चामड्यासारखी जाड आणि पॉलिश केल्यासारखी चकचकीत. वाटेकडचं दुसरं अर्धं अंग म्हणजे नुसत्या काड्या. यंदाच्या मोसमात त्या बाजूला एकही कळी धरली नव्हती.

"या डॉक्टरीणबाई," धाकटा म्हणाला. "सांगा एकदाचं. आजारपण की खून?"

"आधी बघू दे."

"बघायचं काय त्यात? तणाचं औषध ज्या बाजूला मारलं, नेमकी तीच बाजू मेलीय. एवढं तर आमच्या ऑफिसातल्या कुंडीलाही कळतं."

दादानं पाइप पुढच्या कुंडीवर नेला. या प्रकरणात तो आतापर्यंत एकदाच बोलला होता, "मी नाही केलं" एवढंच, आणि ते वाक्य त्यानं दुसऱ्यांदा म्हटलं नाही म्हणून सगळ्यांना ते खोटं वाटायला लागलं होतं. खोटं बोलणारा शपथा घेतो, हे या घराला कुणी शिकवलंच नव्हतं.

गोष्ट अशी होती. गेल्या वर्षी दादानं बोलणं काढलं होतं की हिमचंपा अंगणातली सगळ्यात चांगली जमीन सावलीत धरून बसलाय. तो काढला तर तिथे नवी शेड उभी राहील, आणि आता लोकांना झाडं नकोत, खोलीत ठेवायची पानं हवीत. तेव्हा धाकटा त्याच्याच बाजूनं होता. हॉटेलांना आणि ऑफिसांना कुंड्या पुरवायचा धंदा त्याचा, शेड झाली असती तर त्याचंच भलं होतं. पण आई म्हणाली, मी आहे तोवर नाही. दादानं विषय मिटवला. धाकट्यानं नुसती बाजू बदलली. आई झाडाच्या बाजूला आणि जमीन आईच्या नावावर. मग धाकट्याला झाडाचा लळा लागायला कितीसा वेळ. पुढे पावसाळ्यानंतर दादानं वाटेच्या खडीवर तणनाशक फवारलं, आणि फुलायच्या दिवसांत झाड अर्धं गेलेलं दिसलं. धाकट्यानं दोनात दोन मिळवले. त्याला चार नव्हे, थोरला भाऊ सापडला.

आईनं ते उत्तर तपासून पाहिलं नाही. त्या दिवसापासून तिनं दादाच्या हातचं पाणी घेणं सोडलं. वहिनीनं ताट ठेवलं तर खायची, दादानं ठेवलं तर नाही. आज डॉक्टरीण काय म्हणते ते ऐकायचं आणि मग धाकट्याकडे कायमचं जायचं, असं ठरलं होतं. ऐकायच्या आधीच पिशवी भरली होती, यावरून काय ते समजावं.

डॉक्टरीण झाडाभोवती फिरली. तणनाशकानं पोळलेलं पान कसं दिसतं, ते तिला पाठ होतं: फितीसारखं अरुंद, पिळवटलेलं, शिरा विचित्र फाकलेल्या. इथे पानं लहान होती, पण घडीव होती, वेडीवाकडी नव्हती. तिनं एक सुकी काडी खाली ओढली आणि तिच्यावर बोट फिरवलं. हिमचंप्याची काडी दर वर्षी कळीच्या जागी एक कडं ठेवून पुढे जाते. कड्यापासून कड्यापर्यंत एका वर्षाची वाढ. खाली वीतभर अंतर होतं. मग चार बोटं. मग दोन. टोकाशी कडी एकमेकांवर चढली होती.

"औषध नाही हे," ती म्हणाली. "औषधानं झाड एका मोसमात बसतं. हे कितीतरी वर्षं थोडं थोडं जातंय. कुणी बघितलं नाही, एवढंच. मीसुद्धा नाही."

दादाच्या पाइपची धार एका जागी थांबली. कुंडी भरून वाहायला लागली.

"बरं, औषध नाही," धाकटा म्हणाला. "मग काय? आपोआप?"

आई वळली नाही. "त्याला विचार, मग काय," ती झाडाकडे बघतच म्हणाली. 'त्याला' म्हणजे धाकट्याला की झाडाला, हे तिनं सांगितलं नाही. दादाचं तर ती नावच घेत नव्हती, म्हणून तो त्यात नव्हता हे उघड होतं.

या घरात निर्दोष सुटायचं तर दुसरा गुन्हेगार आणून द्यावा लागतो. डॉक्टरिणीला ते लहानपणापासून माहीत होतं. बरणी कुणी फोडली ते कळल्याशिवाय "मी नाही" म्हणणाऱ्याची सुटका व्हायची नाही. ती गुडघ्यांवर बसली आणि बुंध्याभोवतीचे पांढरे गोटे बाजूला करू लागली. ते आईनं रचलेले, वर्षावर्षाला नवा थर. हिरव्या बाजूला खोड जमिनीत शिरताना पसरलं होतं, पाऊल टेकल्यासारखं. मेलेल्या बाजूला ते खांब रोवावा तसं सरळ आत गेलं होतं. उद्यानात असं खोड दिसलं की ती शिकाऊ माळ्यांना विचारते, इथे पाऊल का नाही? आणि त्यांना उत्तर येईपर्यंत पुढे जाऊ देत नाही.

माती ओली करायला पाणी हवं होतं. तिनं मागितलं नव्हतं, तरी वहिनी पाण्याचा मग घेऊन शेजारी येऊन बसली. दोघींचं कधी फारसं सख्य नव्हतं. वहिनीच्या लेखी नणंद म्हणजे सणासुदीच्या पाहुणीसारखी येऊन झाडांची नावं सांगून जाणारी. नणंदेच्या लेखी वहिनी म्हणजे बोलली तर हिशेबाची, नाहीतर गप्प. पण मूळ कसं धुवायचं ते दोघींनाही येत होतं. एक पाणी ओतत होती, दुसरी जुन्या रंगाच्या ब्रशनं माती काढत होती.

हातभर खाली ते दिसलं. मनगटाएवढं जाड मूळ, बाहेर जायचं सोडून खोडाला आडवा वळसा घालून गेलेलं, आणि खोडाच्या सालीत इतकं रुतलेलं की कुठली साल आणि कुठलं मूळ, ते नखानंही वेगळं करता येईना. पिंपाला दोरखंड आवळावा तसं. खोड वर्षावर्षाला जाड होत गेलं, मूळही जाड होत गेलं, आणि झाडानं स्वतःच स्वतःचा गळा धरला.

वहिनीनं आयुष्यभर कुंड्या बदलल्या होत्या. कुंडीत जागा संपली की मुळं भिंतीशी गोल फिरायला लागतात, ते वेटोळं तिनं हजारदा हातानं सोडवलं होतं.

"हे लावतानाच," ती हळूच म्हणाली.

"हो."

"कुंडीतलं जसंच्या तसं बसवलंय. सोडवलंच नाही." मग तिनं आवाज आणखी खाली नेला. "बाबांनी?"

डॉक्टरिणीनं ब्रश धुतला, जो धुवायची गरज नव्हती.

सगळ्या जगाच्या लेखी हे झाड बाबांनी लावलेलं होतं. बाबा आता नाहीत; उद्यानाचे अधीक्षक होते ते. मूळ सोडवल्याशिवाय माती द्यायची नाही, हा त्यांचा धडा गावभरच्या माळ्यांना पाठ. पाहुणे आले की ते झाडाखाली उभे राहून "आम्ही लावलं" म्हणायचे, आणि त्या 'आम्ही'त किती जणं, हे कधी कुणी विचारलं नाही. डॉक्टरिणीला ते माहीत होतं, कारण तिला उद्यानात नोकरी लागली त्या आठवड्यात दोघी बिया निवडत बसल्या असताना आईनं हसत हसत सांगितलं होतं. लग्नाला थोडेच दिवस झालेले. बाबा बिया गोळा करायला डोंगरात गेलेले, खड्डा खणून ठेवलेला, रोप कुंडीत कोमेजत चाललेलं. नव्या नवरीनं मनाशी म्हटलं, येतील तोवर लावूनच टाकू, खूश होतील. हिमचंप्याची मुळं बाळाच्या बोटांसारखी असतात, जरा दाबली की मोडतात, एवढं तिनं नवऱ्याच्या तोंडून ऐकलं होतं. मूळ सोडवायचा धडा तोवर तिच्या कानावर पडला नव्हता. म्हणून तिनं एकही मूळ मोडू न देता, मातीचा गोळा अख्खाच्या अख्खा, मूल पाळण्यात ठेवावं तसा खड्ड्यात ठेवला. बाबा परतले, खरंच खूश झाले, आणि विचारलं, मुळं सोडवलीस ना? "मी हो म्हटलं," आई म्हणाली होती. "नवी होते. नाही कसं म्हणणार? आणि बघ, जगलं की नाही?"

तेव्हा दोघी खूप हसल्या होत्या.

डॉक्टरीण उठली. हातावरची माती पुसायला तिनं हवा तेवढा वेळ घेतला, आणि मनाशी ठरवलं की बाबाही वाचले पाहिजेत, आईही, आणि दादा तर वाचलाच पाहिजे. तिघांना एका होडीत घ्यायचं तर होडी खोटीच लागणार.

"बुरशी आहे," ती म्हणाली. "जमिनीतली. मुळं सडवते. कुणाचा दोष नसतो त्यात."

वहिनीनं तिच्याकडे एकदा बघितलं आणि नंतर मगात उरलेल्या पाण्याकडे.

"कुठली बुरशी?" आईनं विचारलं.

डॉक्टरिणीनं एक नाव सांगितलं.

"त्या बुरशीनं सडलेलं मूळ आंबूस वास मारतं. तुझे बाबा घरी आले की त्यांच्या चपलांना यायचा." आई आता वळली होती. "मला इथवर वास नाही आला."

"आई, वारा तिकडून आहे."

"वारा कुठेच नाहीये."

ती उठली. खुर्चीच्या हातावर भार देऊन उठायला तिला वेळ लागला, आणि धाकटा पुढे व्हायच्या आत तिनं वहिनीकडे हात केला. वहिनीनं मातीचा हात पदराला पुसून धरला. आई गोट्यांवरून सावकाश आली आणि वाकायला जमत नव्हतं तरी बसलीच. अधीक्षकाची बायको म्हणून तिनं जन्म काढला होता. बघितलेलं तिला समजायला दुभाषी लागत नव्हता. तिनं बोटं त्या मुळावर ठेवली, वळशाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत नेली. मूळ जिथे सालीत घुसलं होतं तिथे बोट थांबलं.

डॉक्टरीण तिच्या मानेकडे बघत राहिली. केस मागून किती विरळ झालेत, ते तिला तेव्हाच दिसलं. आता ही सांगेल, असं तिला वाटलं, आणि सांगू नये, असंही.

"हे सोडवलंच नव्हतं," आई शेवटी म्हणाली. आवाज स्वच्छ होता, सगळ्यांना ऐकू जाईल एवढा. "मी म्हटलं होतं त्यांना. मुळं सोडवा, मग लावा. घाईत होते. बायकोचं ऐकतील तर ना."

गाडीची काच आणखी थोडी खाली आली.

"बाबांनी?" धाकट्याची किल्ली बोटावर थांबली. "काहीतरीच काय. बाबा दुसऱ्याच्या अंगणात जाऊन मुळं सोडवायचे."

"स्वतःच्या अंगणात नाही सोडवली. माणूस होता तोही." आईनं मान वळवली. "विचार हिला. ही शिकलेली आहे."

सगळे डॉक्टरिणीकडे बघायला लागले. आईही. त्या नजरेत विनंती नव्हती. लहानपणी नको असलेला पाहुणा दारात आला की 'सांग बाबा घरात नाहीत' म्हणताना जी नजर असायची, तीच होती. तेव्हाही बाबा खरं तर आत असायचे.

मेलेल्याच्या नावावर टाकलेलं कुणी परत मागायला येत नाही. जिवंतांच्या घरात तेवढाच एक माणूस असतो ज्याला काहीही लावता येतं आणि तो जेवायचं सोडत नाही. डॉक्टरिणीनं वहिनीकडे बघितलं. वहिनीच्या डोळ्यांत एकच गोष्ट होती, नवरा. तिनं दादाकडे बघितलं. तो अजून पाठमोराच होता, पण पाइप खाली पडला होता आणि पाणी त्याच्या पायांखालून वाहत होतं.

"हो," ती म्हणाली. "लावतानाच झालंय. बाबांकडून राहिलं."

एवढं सोपं होतं ते. ज्या माणसानं तिला मूळ धरायला शिकवलं, त्याला ती दोन वाक्यांत अडाणी करून मोकळी झाली, आणि अंगणात सगळ्यांनी श्वास सोडला. धाकटा म्हणाला, चला, म्हणजे कुणाचंच काही नाही. आणि लगेच, आता काढावंच लागेल ना झाड, नाही म्हणजे पडलं तर शेडवरच. झाडाचा लळा सुटायलाही त्याला वेळ लागला नाही. गाडीतून त्याची बायको म्हणाली की मग आज जायची घाई तरी कशाला, सासूबाईंना इथलीच सवय आहे. तिचा आवाज इतका हलका कुणी ऐकला नव्हता.

आई वहिनीच्या खांद्यावर भार देऊन उठली.

"सुटलास रे तू," ती दादाच्या पाठीला म्हणाली. मग वहिनीला, रोजच्या आवाजात: "पिशवी आत ने गं माझी. आणि चहा टाक."

वहिनी जागची हलली नाही. तिनं नवऱ्याकडे बघितलं.

दादानं आधी जाऊन नळ बंद केला. मग तो फाटकाशी गेला, छत्री काखेत मारली, पिशवी उचलली, आणि घराकडे न वळता धाकट्याच्या गाडीकडे गेला. डिकी उघडून पिशवी आत ठेवली. छत्री तिच्याशेजारी नीट, मूठ आत.

"दादा, अरे, झालं ना आता," धाकटा म्हणाला.

"झाडाचं झालं."

"अरे, मी नाही का म्हटलं, सुटलास म्हणून?" आई म्हणाली.

दादा पुढे आला. महिन्याभरात तो आईच्या एवढ्या जवळ उभा राहिला नव्हता.

"आई, ते झाड तू स्वतःच्या हातानं लावलं असतंस, तरी मी तुझा मुलगा आणि ते झाडच. तुला वाटलं मी त्याला विष घातलं. तुला तसं वाटू शकलं, तिथेच ते संपलं. मूळ सापडलं म्हणून ते मागे जात नाही." त्याचा आवाज कुठेही चढला नाही. "औषधाच्या गोळ्या पिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेवल्यात. रात्रीची पांढरी, सकाळची पिवळी. धाकट्या, सांग घरी."

आईनं डॉक्टरिणीकडे बघितलं. आपण नवऱ्याच्या नावाएवढं मोठं काही दिलं आणि त्याच्या बदल्यात काहीच हाती आलं नाही, हे समजायला तिला एक क्षणही लागला नाही. व्यवहार तिला कायम पटकन कळायचे. तिचं तोंड उघडलं. डॉक्टरिणीला वाटलं, आता ती खरं सांगेल, रागानं तरी. पण खरं सांगून आणखीच हरायचं होतं. तिनं तोंड मिटलं, आणि धाकट्यानं दंड धरला तेव्हा ती त्याच्याबरोबर गेली. धाकट्याची बायको मागच्या सीटवरच्या कुंड्या सरकवून जागा करत होती. फार जोरात सरकवत होती.

गाडी गेली. वहिनी आत निघून गेली. चहा टाकल्याचा आवाज आला नाही.

डॉक्टरीण पुन्हा खोडाशी बसली. उघडं मूळ उन्हात ठेवू नये, ही सवय. झाड जाणार होतं तरी हात मुळावर माती ओढतच होते. मागून दादाची सावली आली आणि थांबली.

"बाबांनी खरंच तसंच लावलं?" त्यानं विचारलं.

आता कुणाला वाचवायचं होतं, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. खरं सांगितलं तर बाबा परत येत होते, आणि आई पुन्हा कधीच या फाटकातून आत येणार नव्हती. तिनं मातीवरून नजर उचलली नाही.

"घाईत होते," ती म्हणाली.

दादा त्या वळशाकडे बघत राहिला. तो कुंडी धरायला बाबांकडून शिकला होता, रोप उलटं करून तळावर टिचकी मारायला, बोटं मातीत घालून एकेक मूळ मोकळं करायला, आणि होईपर्यंत गप्प बसायला.

"बाबा," तो म्हणाला. "आणि घाईत."

तो आणखी काही विचारेल म्हणून ती थांबली. त्यानं पडलेलं खुरपं उचललं, तिच्या शेजारी बसला आणि पलीकडच्या बाजूनं माती ओढायला लागला.